'आइल'मधला मुका 'एस'

विमानात किंवा नाट्यगृहात खुर्च्यांच्या रांगांमधून जाणाऱ्या वाटेला 'आइल' (aisle) म्हणतात. त्याच्या स्पेलिंगमध्ये न उच्चारला जाणारा 'एस' कुठून आला, आणि बेट या अर्थाच्या 'आइल'शी (isle) त्याचं नातं आहे का, असं तुम्ही विचारलंत. मुळात नातं नाही. पण 'एस' आला तो बेटाकडूनच.

मूळ शब्द लॅटिन 'आला', म्हणजे पंख. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये 'एल' (ele) हा शब्द झाला आणि चौदाव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्रजीत आला, तो चर्चच्या बांधकामातला शब्द म्हणून. मोठ्या चर्चमध्ये मधलं दालन असतं आणि खांबांच्या रांगेपलीकडे दोन्ही बाजूंना अरुंद दालनं. ही बाजूची दालनं म्हणजे इमारतीचे पंख, म्हणजेच 'आइल'. जुन्या गोव्यात हे डोळ्यांनी पाहता येतं: से कॅथेड्रलला मधलं दालन आणि दोन्हीकडे आइल आहेत, तर जवळच्याच बॉम जेझू बॅसिलिकात एकच सलग दालन, आइल नाहीतच. या अर्थाने पाहिलं तर चर्चमधल्या लग्नात नवरी चालत येते ती मधली वाट 'आइल' नव्हेच. वास्तुकलेत आजही हा भेद पाळतात.

आता 'एस'. पंधराव्या शतकात लोक या शब्दाची गल्लत बेटाच्या शब्दाशी करू लागले आणि तिथला 'एस' इथे चिकटला. पुढे फ्रेंच 'एल'च्या (aile) स्पेलिंगमधला 'ए' सुरुवातीला लागला, पण 'एस' काही गेला नाही. इंग्रजी कोशकार सॅम्युअल जॉन्सनने 1755 च्या आपल्या कोशात हे स्पेलिंग बहुधा चुकीचं आहे, 'एस' नको, असं स्पष्ट नोंदवलं होतं. कुणी ऐकलं नाही. मला त्याचं म्हणणं पूर्ण पटतं.

'वाट' हा अर्थ अठराव्या शतकातला. त्यात 'अ‍ॅली' म्हणजे गल्ली या शब्दाची सरमिसळ झाली. तो फ्रेंचमधल्या 'जाणे' या क्रियापदावरून आलेला, अगदी वेगळ्या कुळातला शब्द. चर्चच्या बाकांमधल्या वाटेला आधी 'आइल' म्हणू लागले. नाट्यगृह, आगगाडी, विमान, दुकानातल्या फळ्यांमधली वाट हे सगळं त्यानंतरचं.

आणखी एक, मला फार आवडणारी गोष्ट. लॅटिन 'आला'चं मूळ त्याहून जुन्या 'अक्स्' या धातूत मानतात. संस्कृत 'अक्ष' आणि इंग्रजी 'अ‍ॅक्सल' त्यातूनच आले, म्हणजे खरे नातलग शोधायचे तर ते बेटात नाहीत, रथाच्या चाकांमधल्या दांड्यात आहेत.