सुमोपासूनच सुरुवात कर
चौकातल्या वाहतुकीची संगणकावर नक्कल (सिम्युलेशन) करायचीय ना? मग पाच-सहा सॉफ्टवेअर डाउनलोड करत बसू नकोस, सरळ सुमो (SUMO) घे. जर्मनीच्या डीएलआर या अवकाश संशोधन संस्थेचं, २००१ पासूनचं, मुक्त स्रोत. त्यातल्या ओएसएम वेब विझार्डमध्ये (ओपनस्ट्रीटमॅपच्या नकाशावरून रस्ते घेणारं साधन) डेक्कनचा एखादा चौक निवड. 'लेफ्ट-हँड ट्रॅफिक'वर खूण कर, नाहीतर पुण्यात गाड्या उजवीकडून धावतील (तशाही धावतातच म्हणा!). विझार्डची वाहतूक रँडम असते. खरे आकडे हवेत तर चौकात उभं राहून गाड्या मोज. दुचाकींसाठी सबलेन मॉडेल (एकाच लेनचे अरुंद पट्टे पाडणारं) लाव, त्याशिवाय स्कूटर कारच्या शेजारून पुढे घुसतच नाही. आणि 'टेलिपोर्ट' किती झाले ते आवर्जून बघ: ३०० सेकंद अडकलेली गाडी सुमो उचलून पुढे ठेवतो, त्यामुळे कोंडी खोटीच कमी दिसते. अख्ख्या शहराच्या प्रवासाचा अभ्यास असेल तर मॅटसिम हे दुसरं सॉफ्टवेअर, पण जावा ही प्रोग्रामिंगची भाषा येत असेल तरच.