सासूबाई मराठी कशा शिकल्या, ते विचार

पत्र : मी मूळची मिरजेची, सासर गोव्यात, फोंड्याजवळ प्रियोळला. घरात सगळे आपसात कोकणी बोलतात. मला अक्षर न् अक्षर समजतं, पण बोलायला गेले की घसा कोरडा पडतो. गेल्या चतुर्थीला माटोळीचं (गणपतीच्या वर फळं-पानं टांगतात, तिचं) सामान घेऊन घरात शिरले आणि धीर करून म्हटलं, "हांव आयलों." नणंदा हसून लोळल्या, कारण हे पुरुषांनी म्हणायचं. विसर्जनापर्यंत जो तो मला तेच म्हणून दाखवत होता. तेव्हापासून मी मराठीतच बोलते आणि तेही माझ्याशी मराठीतच बोलतात. आता सरकारी कारकुनाच्या जागेची जाहिरात आली आहे. माझं बी.कॉम. झालंय, पण 'कोकणीचं ज्ञान आवश्यक' अशी अट आहे. नवरा म्हणतो, आत्मविश्वास ठेव. तो आणू कुठून? मला भाषेचं डोकंच नाही असं वाटतं.
– एक सून

बाय,

आधी त्या 'आयलों'चं बघू. ते तू कुठल्या पुस्तकातून उचललेलं नाहीस. नवरा संध्याकाळी दारात चपला काढताना म्हणतो, ते जसंच्या तसं कानात बसलं आणि घाईत तोंडातून बाहेर पडलं. बाई आणि पुरुषाच्या बोलण्यातला असा फरक मराठीतही आहे, म्हणजे नियम तुला ठाऊक होता. ऐन वेळी आठवला नाही, कारण चार जणी तोंडाकडे बघत होत्या. भीती वाटली की निम्मं लक्ष 'आता हसतील' याच्या पहाऱ्यावर जातं आणि उरलेल्या निम्म्यात शब्द शोधावे लागतात. याला डोकं नसणं म्हणत नाहीत.

आणि हे तुझ्या एकटीचं नाही. टेक्सासमध्ये इलेन हॉर्विट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली परकी भाषा शिकणाऱ्यांची धास्ती मोजायला ३३ विधानांची प्रश्नावली केली. 'मी बोलले की बाकीचे हसतील, अशी भीती वाटते' या अर्थाचं एक विधान त्यातही आहे.

तुला लाज जरा जास्तच वाटते, त्याचं कारण मात्र इथलं आहे. 'कोकणी म्हणजे मराठीच की, शिकायचं काय त्यात,' असं कुणीतरी तुला ऐकवलं असणारच. ती बोली की स्वतंत्र भाषा, या वादात तू पडू नकोस. कोकणीला गोव्याची राजभाषा ठरवणारा १९८७ चा कायदा होऊनही तो वाद मिटला नाही, तुझ्या स्वयंपाकघरात कशाला मिटेल? तुझ्यापुरतं इतकंच, की भाषा जवळची असल्यामुळे तुला समजायला लवकर लागली. बोलणं आपोआप येत नाही, ते बोलूनच येतं.

नवऱ्याचा सल्ला मायेचा आहे, पण उलट्या टोकाने धरलेला. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये 'हे मला जमेल' हा विश्वास कशातून येतो याची मांडणी केली. सगळ्यांत भक्कम आधार म्हणजे स्वतः केलं आणि जमलं, हा अनुभव. मग आपल्यासारख्या कुणाला जमलेलं पाहणं. 'तुला येईल गं' ही शाबासकी त्यापुढे लंगडीच. (आरशासमोर उभं राहून 'मला येतं, मला येतं' म्हणायला लावणारे व्हिडिओ मला कधीच पटले नाहीत.) तुला जमल्याचा अनुभव मिळतच नाही, कारण तू अडखळलीस की समोरचा भल्या मनाने मराठीवर येतो. फोंड्यात नुसत्या मराठीवर कुणाचंही भागतं. सोय झाली आणि शिकणं थांबलं.

जमलेलं माणूस मात्र तुझ्या घरातच आहे. सासूबाईंची घरची भाषा कोकणी, पण चतुर्थीला घुमट या मातीच्या वाद्याच्या तालावर आरत्या त्या मराठीतच म्हणत असतील ना? गोव्यातल्या हिंदू घरांत हे पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. भजन मराठीत, जत्रेतलं नाटक मराठीत. गोवा मुक्तीनंतर पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या काळात गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या, त्यांचाही वाटा मोठाच. पण नाटकातलं पद गुणगुणताना उच्चार चुकला म्हणून कुणी गुण कापत नव्हतं. एखाद्या दुपारी त्यांना विचार, 'आई, तुम्ही मराठी कशी शिकलात?' त्या कोकणीतून सांगू लागल्या तर थांबवू नकोस. त्यांच्याही फजित्या निघतील. आणि 'आयलों'च्या जागी काय म्हणायचं तेही त्यांनाच विचार.

भीती गेल्यावर बोलेन, असं मात्र ठरवू नकोस. २०१४ मध्ये देवाले आणि मॅकिन्टायर या संशोधकांनी जगभरातल्या सतराशेहून अधिक भाषा शिकणाऱ्यांची उत्तरं तपासली. त्यात दिसलं की आनंद आणि धास्ती एकमेकांच्या विरुद्ध असल्या तरी एक आली म्हणजे दुसरी गेलीच, असं नाही. दोन्ही एकाच माणसात नांदतात. तेव्हा धास्ती राहू दे, मजा वाढव.

दारावर मासळीवाली येत असेल, तर सोमवार सोडून रोज तिच्याशी कोकणीत बोल. "बांगडे कशे?" विचारायचं, महाग म्हणायचं, वर एखादा जास्त मागायचा. तिला माल खपवायचाय, तुझं व्याकरण तपासायला तिला वेळ नाही. मागितलेला बांगडा पाटीत पडला म्हणजे तुझी कोकणी पोचली. शिवाय बायकांचं बोलणं कानावर पडेल.

नणंदांचं हसणं मी फार मनावर घेतलं नसतं, पण विसर्जनापर्यंत नक्कल करणं हा आगाऊपणाच झाला. थोरलीला एकटीला गाठून सरळ सांग, 'हसा, पण मला म्हणून दाखवू नका. आणि मी अडले तर मराठीत येऊ नका, थांबा.' सगळ्यांसमोर सांगशील तर त्याचीही चेष्टा होईल. नवऱ्याला आत्मविश्वासाचं भाषण माफ. त्याऐवजी त्याने संध्याकाळच्या चहाला तुझ्याशी फक्त कोकणीत बोलावं आणि चुका चहा संपल्यावर सांगाव्यात.

अर्ज मुदतीच्या आत भरून टाक. अट कोकणीच्या ज्ञानाची आहे, आणि अक्षर न् अक्षर समजतं असं तूच लिहिलंयस. बोलण्याचा सराव आजपासून धर. मुलाखतीला बोलावलं तर नाव, गाव, शिक्षण एवढी वाक्यं आधी सासूबाईंसमोर म्हणून बघ. पुढे एखादा मराठी शब्द घुसला तर घुसू दे, वाक्य अर्ध्यावर सोडू नकोस.