पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी-बिसाऊच्या खेड्यांतले लोक फक्त काजूवरच जगतात का?

नाही. काजू हा हातात येणारा रोख पैसा. पोट भातावर चालतं. देशाची निर्यात जवळपास सगळी काजूचीच, म्हणून हा गैरसमज पसरलाय.

मी वेंगुर्ल्याचा. कच्चा काजू आणणाऱ्या एका व्यापाऱ्यासाठी हंगामात तिकडे जायचो. बिया कापून गर किती निघतो, ओल किती ते बघायचं काम. आमचे शेठ सारखे म्हणायचे, "यांना शेती कुठे येते? झाडाखाली पडलेलं वेचतात." (झाड तिथेही पोर्तुगीजांनीच आणलं, आपल्यासारखं.)

मान्सोआजवळच्या एका बालांता जमातीच्या गावात एका आजोबांनी मला त्यांच्या बोलान्या दाखवल्या. म्हणजे आपली खाजणंच, बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली भातजमीन! भरती नद्यांतून पार आतपर्यंत शिरते. कांदळवन तोडायचं, चिखलाचा बांध घालायचा, काही पावसाळे मीठ धुऊन जाऊ द्यायचं, मग भात लावायचा. बांधातली उघाडी, म्हणजे पाणी सोडायची-अडवायची वाट, ताडाच्या पोखरलेल्या खोडाची. गुरं आहेत, पण नांगराला जुंपत नाहीत. लांब दांड्याच्या लाकडी फावड्याने, ज्याच्या टोकाला लोखंडी पट्टी असते, तरुण पोरं रांगेत उभी राहून वरंबे काढतात. आजोबा बांधावरून चालताना खेकड्याचं प्रत्येक बीळ पायाने दाबत होते. याला शेती येत नाही म्हणायचं?

१९६३ ते १९७४ च्या स्वातंत्र्ययुद्धात बरेच बांध पडून राहिले, फुटले. पुढे पोरं राजधानीत, बिसाऊला गेली आणि काजू लावणं सोपं पडलं. आता हंगामात काजू देऊन परदेशी तांदूळ घेतात. भाव बरा असला तर किलोला किलो, पडला की दोन-तीन किलो काजूला एक किलो तांदूळ. ज्याची बोलान्या शाबूत आहे, त्याला हा भाव ऐकून घ्यावा लागत नाही.

माझ्या चुलतभावाला हेच सांगून थकलो. आमचा खारबांध फुटला तेव्हा म्हणाला, "भात कोण लावतो आता? वर काजू आहे ना." तुमच्याकडे खारजमीन असेल तर आधी बांध घाला, कलमं नंतर.

हे सगळं किनाऱ्याकडच्या पट्ट्याचं. पूर्वेला बाफाटा-गाबूकडे फुला आणि मांदिंगा लोकांची गुरं, भुईमूग, ज्वारी-बाजरी. बिजागोस बेटांवर मासे आणि पामतेल. आणि बांध राखायला माणसं लागतात, एकट्याचं काम नाही, हे चुलतभावाचं म्हणणं खरं आहे. पण माणसं गोळा करायला तो कुणाच्या दारात गेलाच नाही, आणि आता खालच्या विहिरीचं पाणी खारं झालंय.