खोल समुद्रात रोगजंतू कुठून येतात? आणि कोल्हापुरात येणारी कोळंबी खायची की नाही?

तुमचा प्रश्न असा, की किनाऱ्यालगतचं पाणी घाण असतं हे कळतं, पण शेकडो मैल आत, जिथं वस्तीच नाही, तिथं रोगजंतू कसे पोचतात? आणि तसं असेल तर घाट चढून आपल्याकडं येणारी मासळी खायची की नाही?

मी कोल्हापुरात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कल्चरचं, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून ओळखायचं, काम बघते. ते जंतू कुठून येत नाहीत, समुद्र हेच त्यांचं घर आहे. समुद्राच्या एक मिली पाण्यात साधारण दहा लाख जीवाणू असतात आणि त्यातल्या बहुतेकांचं आपल्याशी काही देणंघेणं नसतं. काळजीचं कुळ म्हणजे व्हिब्रिओ. त्याच्या शंभरावर जाती आहेत, माणसाला बाधतात त्या डझनभर. कॉलऱ्याचा जंतू याच कुळातला.

भर समुद्रात नुसत्या पाण्यात व्हिब्रिओ विरळच. त्याला बसायला जागा आणि खायला अन्न लागतं. ते त्याला मिळतं कोपेपॉड नावाच्या, जेमतेम मिलिमीटरभर लांबीच्या जिवांच्या अंगावर. बांगलादेशात बायकांनी जुनी साडी निदान चार पदरी करून तळ्यानदीचं पाणी गाळलं, तर कॉलरा जवळपास निम्म्यावर आला. २००३ साली हे प्रसिद्ध झालं. जंतू कापडातून सहज जाईल एवढा बारीक, पण ज्याच्या अंगावर तो बसलाय तो जीव कापडावर अडकतो. माझी आजी लुगड्याच्या धडप्यानं पाणी गाळायची, तिची आठवण येते मला हे सांगताना.

आता त्याला दुसरी जागा मिळालीय, प्लास्टिक. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अटलांटिकमधून गोळा केलेल्या प्लास्टिकच्या तुकड्यांपैकी एकावर सापडलेल्या जीवाणूंत जवळपास पाव हिस्सा व्हिब्रिओ होते. ते रोग करणारेच होते असं त्यातून सिद्ध होत नाही. पण लाकूड कुजतं, शेवाळ मरतं, प्लास्टिक मात्र वर्षानुवर्षं तरंगत राहतं. पंचगंगेत टाकलेली पिशवी कोकणच्या समुद्रात जात नाही. नरसोबावाडीला ती कृष्णेत शिरते आणि मधल्या धरणांत अडकली नाही तर थेट बंगालच्या उपसागरात. हे मला फार लागतं.

तुमच्या कोळंबीकडं येते. तिथं बघायचा तो व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस. १९५० साली जपानमध्ये ओसाकात अर्धवट सुकवलेली बारीक मासळी खाऊन २० जण दगावले, तेव्हा तो सापडला. तो मिठाशिवाय वाढत नाही आणि ऊब मिळाली तर दहा-बारा मिनिटांत दुप्पट होतो. म्हणजे बर्फ वितळलेल्या खोक्यात दुपारभर पडलेली कोळंबी खोल समुद्रातल्या पाण्यापेक्षा कितीतरी धोक्याची. बर्फात पुरलेली घ्या, घरी आणल्याबरोबर फ्रीजमध्ये टाका, आतपर्यंत शिजवा. रश्श्यात रटरटली की तो जगत नाही. कच्ची कोळंबी ठेवलेलं ताट आणि सुरी मात्र तशीच कोशिंबिरीला वापरू नका.

जुलाब झाले तर डॉक्टरांना मासळी खाल्ल्याचं आपणहून सांगा. नेहमीच्या तपासणीत हा जंतू सहज निसटतो, त्याच्यासाठी मुद्दाम टीसीबीएस नावाची गर्द हिरवी प्लेट, म्हणजे जंतू वाढवायची खाद्य भरलेली बशी, लावावी लागते. कॉलऱ्याचा जंतू तिच्यावर पिवळा उगवतो, कारण तो साखर आंबवतो. पॅराहिमोलिटिकस हिरवाच राहतो.

आणि कोळंबी सोलताना बोटाला काटा लागला, जखम तासातासाला लाल होत चढायला लागली, ताप आला, तर हळद लावून सकाळची वाट बघू नका. व्हिब्रिओ व्हल्निफिकस, म्हणजे याच कुळातला जखमेतून शिरणारा जंतू, असेल तर पाचातला एक रुग्ण दगावतो, कधी एक-दोन दिवसांतच. घरात कुणाला लिव्हरचा आजार असेल तर कच्ची मासळी त्यांच्या हाती देऊच नका. समुद्रापासून इतक्या लांब डॉक्टरांच्या मनात हा जंतू पटकन येणार नाही, म्हणून दवाखान्यात पहिलं वाक्य हेच बोला: ‘मासळीचा काटा लागलाय.’