काम गेलं, भत्ता अडकला: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: वाळूजच्या एका कंपनीत मी ठेकेदाराकडे पावणेतीन वर्षं मशीन ऑपरेटर होतो. ऑर्डर कमी झाली म्हणून ब्रेक दिला. ईएसआयचा (कामगार राज्य विमा) बेकारी भत्ता असतो असं कळल्यावर ऑनलाइन अर्ज केला. दोन महिने झाले, अर्ज हलत नाही. ईएसआयच्या शाखेत गेलं की म्हणतात, नोंद आली नाही. ठेकेदार म्हणतो, आम्ही सगळं भरलंय. खरं कोण बोलतंय?
*(एक कामगार, बजाजनगर)*

उत्तर: बहुधा दोघंही खरंच बोलत आहेत. ठेकेदार दर महिन्याच्या 15 तारखेपर्यंत मागच्या महिन्याचं चलान भरतो, तेवढं त्याच्या दृष्टीनं 'सगळं' झालं. घोळ होतो तो तुम्ही गेल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात. त्या महिन्याच्या भरण्यात तुमच्या नावापुढे शून्य दिवस टाकून कारण निवडावं लागतं. यादीत रजेवर, नोकरी सोडली, निवृत्त, संप किंवा टाळेबंदी, कामगार कपात, काम नाही असे पर्याय असतात. 'नोकरी सोडली' किंवा 'कपात' निवडलं तर कामाच्या शेवटच्या दिवसाची तारीखही भरावीच लागते. 'रजेवर' किंवा 'काम नाही' याला तारीख लागत नाही. पन्नास-साठ नावांचा भरणा 14 तारखेच्या संध्याकाळी उरकणारा क्लार्क काय निवडतो ते ओळखा. नोंदीत तुम्ही अजून कामावरच आहात, फक्त रजेवर. मग शाखा बेकारीचे पैसे कुठल्या तारखेपासून देणार?

म्हणून आधी शाखेत खेटे घालणं थांबवा आणि ईएसआयसी पोर्टलवर विमा क्रमांकानं लॉगिन करून कॉन्ट्रिब्युशन हिस्टरी काढा. प्रत्येक महिन्यापुढे दिवस, पगार आणि भरणा दिसतो. ती छापा आणि पगारपत्रकं शेजारी ठेवून एकेक महिना ताडून पाहा. पगारातून ईएसआय कापलाय पण पोर्टलवर महिना कोरा आहे, असं एका जागी जरी दिसलं तर त्याभोवती पेनानं गोल करा. पीएफच्या पोर्टलवरची बाहेर पडल्याची तारीखही बघून घ्या. दोन्हीकडे वेगळी तारीख असली की पुढे शंका निघते.

मग ठेकेदाराला एक पानाचं पत्र द्या: विमा क्रमांक, कामाचा शेवटचा दिवस, कोणत्या महिन्याच्या भरण्यात कोणतं कारण दुरुस्त करायचं, एवढंच. प्रत मूळ कंपनीच्या एचआरला द्या. ही प्रत महत्त्वाची, कारण ठेकेदाराच्या माणसांचं अंशदान, म्हणजे ईएसआयचा हप्ता, भरण्याची पहिली जबाबदारी कायद्यानं मुख्य मालकावर, म्हणजे मूळ कंपनीवर आहे. कंपनीनं एक फोन केला की ठेकेदाराचा क्लार्क त्याच दिवशी नोंद शोधतो. दोन्ही पत्रांवर सही-शिक्क्याची पोच घ्या. देत नसतील तर रजिस्टर पोस्ट करा आणि पावती जपा.

आता तुम्ही पात्र आहात का ते. योजनेचं नाव अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. ती 1 जुलै 2018 पासून आहे आणि मुदतवाढीवर चालते, 2024 मधली वाढ 30 जून 2026 पर्यंतची आहे. काम जाण्याआधी किमान दोन वर्षं विमा असलेली नोकरी हवी. अंशदानाचे सहामाही काळ दोन: 1 एप्रिल ते 30 सप्टेंबर आणि 1 ऑक्टोबर ते 31 मार्च. काम जाण्याच्या लगेच आधीच्या काळात किमान 78 दिवसांचं अंशदान लागतं आणि दोन वर्षांतल्या उरलेल्या तीन काळांपैकी एकात पुन्हा 78. काम गेल्यावर 30 दिवस उलटले की भत्ता देय होतो, अर्ज मात्र वर्षाच्या आत व्हायला हवा. पुढच्या तारखांसाठी आगाऊ दावा करता येत नाही. भत्ता जास्तीत जास्त 90 दिवसांचा, तोही आयुष्यात एकदाच.

रक्कम किती, हे कारखान्याच्या गेटवर सगळे चुकीचं सांगतात. 'अर्धा पगार मिळतो' हे अर्धवट आहे. चार अंशदान काळांतली एकूण कमाई 730 नं भागतात, त्याच्या निम्मे म्हणजे रोजचा भत्ता. महिना 15,000 पगारावर चोवीस महिने पूर्ण भरले असतील तर 3,60,000 भागिले 730, म्हणजे 493 रुपये. निम्मे 246 आणि काही पैसे, 90 दिवसांचे सुमारे 22,190. त्याच पगाराचे चौदाच महिने भरणा दिसला तर 2,10,000 भागिले 730 होतं, आणि हातात सुमारे 12,945 पडतात. कोऱ्या महिन्याभोवती गोल करायला सांगितलं ते यासाठीच. भागाकार 730 चाच होतो, भरणा कितीही महिन्यांचा दिसो.

कागद: अर्जाची सही केलेली छापील प्रत, आधार, बँक पासबुकाचं पहिलं पान. अर्ज आता मालकामार्फत पाठवावा लागत नाही, थेट शाखेत देता येतो. ऑनलाइन अर्जासोबत कागद स्कॅन करून चढवले असतील तर प्रतिज्ञापत्रही लागत नाही. खिडकीवर कोणी स्टँप पेपर मागितला तर नम्रपणे नियम विचारा. आधारवर 'ज्ञानोबा' आणि ईएसआयच्या नोंदीत 'ज्ञानेश्वर' असेल तर पैसे तिथंच थांबतात, आणि आपल्याकडे हे फार होतं. नाव आधी दुरुस्त करा.

नोंद दुरुस्त झाली, कागद पूर्ण आहेत आणि तरी पंधरा दिवसांत काही हललं नाही, तर शाखा व्यवस्थापकाच्या नावे लेखी तक्रार द्या आणि आवक क्रमांक लिहून घ्या. तोंडी चौकशीचा कुठंही हिशेब राहत नाही. टोल फ्री क्रमांक 1800-11-2526. त्यानंतर केंद्र सरकारच्या सीपीग्राम्स पोर्टलवर तक्रार टाका, तिथं तक्रार 21 दिवसांत निकाली काढायची असते. तक्रारीत रागाचा मजकूर नको. अर्जाची तारीख, आवक क्रमांक, आणि 'अर्ज कोणत्या कारणासाठी थांबला ते लेखी कळवावे' हे एक वाक्य पुरतं. कारण लेखी आलं की निम्मं काम झालं. हेही न जमल्यास 10 रुपयांची माहिती अधिकाराची पोस्टल ऑर्डर: 'माझ्या अर्जावर कोणत्या तारखेला कोणी काय शेरा मारला, त्याची प्रत द्यावी.' उत्तराला 30 दिवसांची मुदत आहे.

---

प्रश्न: शेंद्र्यात चार वर्षांत तीन ठेकेदार झाले, कंपनी तीच. आता अर्ज केला तर 'दोन वर्षं पूर्ण नाहीत' म्हणतात.
*(एक वाचक, करमाड)*

उत्तर: तुमच्या नावावर तीन विमा क्रमांक असणार. नवा ठेकेदार आला की तो जुना क्रमांक विचारत नाही, नवाच काढतो, कारण त्याला ते सोपं पडतं. तुमची चार वर्षं अशी तीन तुकड्यांत विभागली गेली आणि एकाही तुकड्यात दोन वर्षं भरत नाहीत. जुनी ई-पहचान कार्डं (ईएसआयची ओळखपत्रं), नसतील तर जुनी पगारपत्रकं शोधा (क्रमांक त्यावर छापलेला असतो) आणि क्रमांक एकत्र करण्याचा अर्ज शाखेत द्या. भत्त्याचा अर्ज हे झाल्यावर करा, आधी नको. पुढे कुठंही लागलात तर पहिल्याच दिवशी जुना क्रमांक लिहून द्या.

आणि 'हिशेब करून देतो, सही करा' म्हणून समोर आलेला कागद वाचा. तो बऱ्याचदा छापील राजीनामा असतो. स्वेच्छानिवृत्ती, वयानुसार निवृत्ती किंवा गैरवर्तनाची शिक्षा म्हणून काम गेलं तर या योजनेत पैसे नाहीत. वर्षात 240 दिवस भरलेल्या कामगाराला कमी करताना महिन्याची नोटीस किंवा तितका पगार, शिवाय दर वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यावा लागतो. राजीनाम्यावर सही घेण्याची घाई कशासाठी असते ते यातून कळेल.

---

प्रश्न: जालन्यात आमचा सळयांचा कारखाना कायमचा बंद झाला. आम्हालाही तीनच महिन्यांचे पैसे का?
*(काही कामगार, जालना)*

उत्तर: नाही. तुम्ही राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेत अर्ज करा. ती 2005 पासून आहे. कारखाना बंद होणं, कामगार कपात किंवा कामाबाहेरच्या अपघातानं किमान 40 टक्के कायमचं अपंगत्व, यांसाठी ती आहे. दोन वर्षांचं अंशदान लागतं. भत्ता 24 महिन्यांपर्यंत, पहिले बारा महिने रोजच्या सरासरी पगाराच्या 50 टक्के आणि पुढचे बारा 25 टक्के. अटल योजना आणि ही, दोन्हींचे पैसे एकाच वेळी मिळत नाहीत. शाखेतून आपणहून कोणी फरक समजावेल याची वाट पाहू नका, अर्जावर योजनेचं नाव स्वतः बघा.

इथं अडतं ते 'बंद' या शब्दावर. ले-ऑफ (काम नाही म्हणून तात्पुरतं घरी बसवणं) किंवा तात्पुरती टाळेबंदी म्हणजे बंद नव्हे. गेटवर लावलेल्या नोटिशीचा फोटो पुरावा म्हणून फार कमकुवत. कामगार आयुक्त कार्यालयात गेलेल्या बंदच्या नोटिशीची प्रत मिळवा. सगळ्यांनी मिळून एकदाच मागितली तर लवकर मिळते.

---

प्रश्न: 'महाराष्ट्र बेरोजगारी भत्ता, महिना 5,000' अशी लिंक व्हॉट्सॲपवर आली आहे. भरू का?
*(एक विद्यार्थिनी, अंबाजोगाई)*

उत्तर: भरू नका. आधार आणि ओटीपी मागत असेल तर उघडूही नका. राज्य सरकारची आहे ती मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना, 2024 ची. त्यात बारावीला 6,000, आयटीआय-पदविकेला 8,000, पदवीधरांना 10,000 विद्यावेतन. ते प्रत्यक्ष हजेरीवर मिळतं, घरी बसून नाही.

---

प्रश्न: ऊसतोडीवरून परत आलो. ग्रामपंचायतीत रोजगार हमीचं (रोहयो) काम तोंडी मागितलं, महिना झाला. भत्ता लागू होतो का?
*(एक वाचक, पाटोदा)*

उत्तर: तोंडी मागणीला तारीख नसते, म्हणून भत्ताही नसतो. नमुना 4 भरा: जॉबकार्ड क्रमांक, किती दिवस काम हवं, कोणत्या तारखेपासून. त्याची तारखेसह पोच म्हणजे नमुना 5. पंधरा दिवसांची मोजणी त्या पोचेपासून सुरू होते. त्या मुदतीत काम मिळालं नाही तर पहिल्या 30 दिवसांना मजुरीच्या किमान चौथा हिस्सा आणि नंतर किमान निम्मा भत्ता लागतो. काम दिल्याचा निरोप आला आणि तुम्ही गेला नाहीत तर हक्क संपतो. ग्रामरोजगार सेवक पोच देत नसेल तर तोच अर्ज तहसील कार्यालयात रोहयो शाखेत आवकला लावा. गावातली दहा-पंधरा माणसं एकत्र गेली तर जास्त बरं, कारण काम सुरू करायलाही मजुरांची संख्या लागते.

---

प्रश्न: भत्त्याचा अर्ज केल्यावर चाळीस दिवसांनी दुसरीकडे लागलो. आता?
*(एक कामगार, चिकलठाणा)*

उत्तर: नव्या नोकरीची तारीख शाखेत लेखी कळवा. भत्ता काम गेल्यापासून नवं काम लागेपर्यंतच्या काळाचा असतो. लपवून उपयोग नाही, नव्या मालकाचं पहिलं चलान भरलं की ती तारीख त्याच पोर्टलवर दिसते.