मुलीला ७ व्या वर्षीच उणे दीडचा नंबर लागलाय. मोठेपणी किती होईल? वाढ थांबवता येते का?

छातीठोक आकडा कुणीच देणार नाही, पण अंदाज बांधता येतो. त्यात आजच्या नंबरापेक्षा तो कितव्या वर्षी लागला हे महत्त्वाचं. ७ व्या वर्षी लागलेला दीड १२ व्या वर्षी लागलेल्या दीडपेक्षा वाईट, कारण त्याला वाढायला पाच वर्षं जास्त मिळतात आणि लहान वयात वेगही जास्त असतो. आईवडिलांना चष्मा असेल तर आणखी भर. माझा उणे सात आहे. शाळेत मला 'सोडावॉटर' म्हणायचे.

माझ्या मुलाचा पहिला नंबर दुकानातल्या मशीनवर उणे सव्वादोन आला. डॉक्टरांनी थेंब घालून तपासला तर पावणेदोन! मुलं मशीनमध्ये बघताना डोळ्यावर ताण देतात, थेंबांनी तो स्नायू सैल पडतो. तेव्हा थेंबांशिवायचे नंबर एकमेकांशी ताडून बघू नका.

खरी वाढ नंबरात नाही, डोळ्याच्या लांबीत असते. डोळा एक मिलिमीटर लांबला की साधारण अडीच-तीन नंबर वाढतो. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी आजोबांच्या डोळ्याची लांबी ज्या मशीनवर मोजतात, त्यावरच मुलांचीही मोजता येते. दर सहा महिन्यांनी मोजून घ्या.

वाढ पूर्ण थांबत नाही, मंदावते. त्यासाठी ॲट्रोपिन नावाच्या औषधाचे थेंब देतात, त्यांत ताकद बघा. हाँगकाँगमधल्या अभ्यासात ०.०५ टक्क्याने पहिल्या वर्षी नंबराची वाढ सुमारे दोन-तृतीयांश कमी झाली, ०.०१ ने जेमतेम पाव. २०२३ मध्ये छापून आलेल्या अमेरिकेतल्या चाचणीत तर ०.०१ आणि औषध नसलेले नुसते साधे थेंब यांत फरकच दिसला नाही. आम्ही त्या ०.०१ वर अख्खं वर्ष घालवलं. थेंब मनाने बंद करू नका, वाढ उसळी घेते. नंबर रोखणाऱ्या खास काचाही मिळतात, पण खिशाला चटका बसतो. आणि 'कमी नंबरचा चष्मा द्या, डोळ्यांना सवय लागेल' हा घरातला सल्ला सोडून द्या, त्याने वाढ रोखली जात नाही.

उन्हातलं खेळणं मुख्यतः नंबर लागण्याआधी कामी येतं. चीनमध्ये ग्वांगझूच्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं जादा बाहेर काढलं, तर तीन वर्षांत नंबर लागलेली मुलं ३९.५ ऐवजी ३०.४ टक्के निघाली. म्हणून मुलीला धाकटा भाऊ असेल तर त्याच्याकडे आत्ताच बघा. सहाव्या वर्षी थेंब घालून त्याचा नंबर अधिक पाऊण (+०.७५) किंवा त्याहून कमी आला, तर तोही ताईच्याच वाटेवर असण्याची शक्यता बरीच आहे.