सहा महिन्यांच्या सर्टिफिकेटवर मैदानात उतरता येईल का?

पारोळा तालुक्यातून एका पालकांचं पत्र आलं आहे. मुलगी बारावी सायन्सला आहे, बायोलॉजी घेतलेलं आहे, शाळेपासून खो-खो खेळते. गेल्या वर्षी खांब घेताना तिचा घोटा मुरगळला आणि तेव्हापासून ‘खेळाडूंवर मैदानात उपचार करणाऱ्यांचं काम’ करायचं असं तिच्या मनानं घेतलंय. मोबाइलवर तिला ‘अ‍ॅथलेटिक ट्रेनिंग’ हा शब्द सापडला. एक संस्था सहा महिन्यांत त्याचं सर्टिफिकेट देते आणि ६० हजार फी सांगते. वडील विचारतात, ‘आमची कपाशीची शेती. पैसे भरावे का? या शिक्षणात नेमकं काय असतं, आणि प्रॅक्टिकल कुठे होतं?’

नमस्कार भाऊ,

पैसे भरू नका. तिची आवड मात्र खरी आहे, तिला रस्ता दाखवू या.

अ‍ॅथलेटिक ट्रेनर हा अमेरिकेतला आरोग्यसेवेचा स्वतंत्र व्यवसाय आहे. खेळाडूला दुखापत होऊ नये म्हणून तयारी करून घेणं, झालीच तर पहिल्या मिनिटाला हाताशी असणं आणि पुन्हा खेळायला उभं करणं हे त्याचं काम. तिकडेही ते सहा महिन्यांत होत नाही. २०२२ पासून तिथे नवे प्रवेश फक्त पदव्युत्तर पातळीवर होतात आणि नंतर राष्ट्रीय परीक्षा असते. आपल्याकडे याच नावाची मान्यताप्राप्त पदवी घेऊन कुणी दवाखान्यात किंवा संघाबरोबर उभं राहतं असं नाही. इथे हे काम फिजिओथेरपिस्ट करतात. म्हणजे आधी बी.पी.टी.एच. (फिजिओथेरपीची पदवी), मग स्पोर्ट्स फिजिओथेरपीतली दोन वर्षांची मास्टर्स. जिम ट्रेनर आणि स्ट्रेंग्थ अँड कंडिशनिंग कोच ही वेगळी कामं आहेत. जाहिरातीत ती सगळी एकाच नावाखाली खपवली जातात, तिथे सावध राहा.

महाराष्ट्रात बी.पी.टी.एच.ला ‘नीट’ लागते आणि प्रवेश राज्याच्या सीईटी सेलच्या कॅप (केंद्रीभूत प्रवेश) फेरीतून होतो. आतापर्यंत हा कोर्स इंटर्नशिप धरून साडेचार वर्षांचा होता. फिजिओथेरपीसारख्या आरोग्यसेवा व्यवसायांच्या राष्ट्रीय आयोगाच्या नव्या अभ्यासक्रमात तो वर्षभराच्या इंटर्नशिपसह पाच वर्षांचा आहे, तेव्हा त्या वर्षाची माहितीपुस्तिका बघूनच हिशोब मांडा. पदवीनंतर राज्याच्या भौतिकोपचार परिषदेत नोंदणी करावी लागते, त्याशिवाय प्रॅक्टिस करता येत नाही. मुलींची फी माफ करणारी योजना २०२४-२५ पासून आहे. तिला उत्पन्नाची मर्यादा आठ लाखांची आहे आणि प्रवेश कॅपमधूनच झालेला लागतो. व्यवस्थापन कोट्यातून सीट घेतली की हा लाभ हातचा जातो. जागा मिळतेय म्हणून घाईने कोट्यात सही करू नका.

आता शिक्षणाचं. पहिल्या वर्षी शरीररचना आणि शरीरक्रिया असते. मुलं इथेच कंटाळतात, कारण चेंडू नाही, मैदान नाही, नुसती हाडं नि स्नायूंची नावं. पण घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे तीन लिगामेंट (हाडांना हाडं बांधणारे पट्टे) कुठून कुठे जातात हे बोटांना माहीत नसेल, तर पुढे मुरगळलेल्या पायावर कुठे दाबायचं ते कळत नाही. मग सांध्यांच्या हालचालींचं शास्त्र, पॅथॉलॉजी, औषधं, अस्थिरोग, मज्जासंस्था, हृदय-फुप्फुसं. खेळ हा त्यातला छोटा तुकडा आहे हे आधीच सांगून ठेवतो. ओपीडीत तिच्यासमोर गुडघे झिजलेल्या आजी आणि पक्षाघाताचे बाबा जास्त येतील. तिथे बसलेला हात वाया जात नाही. गोनिओमीटर लावून गुडघा किती अंश वाकतो हे आजीच्या पायावर नीट मोजता आलं, तर ऑपरेशननंतरच्या कबड्डीपटूच्या पायावरही येतं.

क्लिनिकल, म्हणजे प्रत्यक्ष रुग्णांवरच्या शिक्षणाचे तीन टप्पे असतात: आधी बघायचं, मग शिक्षकाच्या नजरेखाली करायचं, मग स्वतः करून शिक्षकाकडून तपासून घ्यायचं. मधला टप्पा गाळला गेला तर चुका हातात बसतात आणि पुढे सुटत नाहीत. घोट्याला टेप लावणं घ्या. व्हिडिओत ते दोन मिनिटांचं काम दिसतं. प्रत्यक्षात टेपच्या आधी हाडं तपासायची. घोट्याच्या आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन्ही उंचवट्यांच्या मागच्या कडेला, टोकापासून वर सहा सेंटीमीटरपर्यंत दाबून बघायचं. मग करंगळीच्या रेषेत पावलाच्या बाहेरच्या कडेला वर आलेलं हाड आणि आतल्या बाजूचं नॅव्हिक्युलर नावाचं हाड. त्यातलं काही दाबल्यावर दुखलं, किंवा चार पावलं टाकता आली नाहीत, तर टेप बाजूला ठेवून आधी एक्स-रे. मुरगळलेला पाय लगेच चोळून, ओढून ‘बसवून’ घ्यायची आपल्याकडे रीत आहे. आत हाड मोडलेलं असेल तर त्या ओढण्यानं ते सरकतं.

हाडं ठीक असतील तर पाऊल नडगीशी काटकोनात धरायला लावायचं, कातडी कोरडी करायची, टाचेमागे आणि घोट्यापुढे व्हॅसलीन लावलेला कापसाचा तुकडा ठेवायचा, त्यावर पातळ फोमची पट्टी. मग ३.८ सेंटीमीटर रुंदीची न ताणणारी टेप. पोटरीखाली आधाराचे वेढे, तिथून आतल्या बाजूनं टाचेखालून बाहेरच्या बाजूला वर ओढलेल्या पट्ट्या, प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीवर अर्धी चढलेली, शेवटी टाच दोन्हीकडून बांधणारे वेढे. शिकाऊ हातांच्या चुका ठरलेल्या असतात. टेप लावताना पाऊल खाली लोंबलं तर पाय टेकल्यावर ती काचत राहते आणि घोटाही नीट धरत नाही. सुरकुती राहिली की तासाभरात फोड. वरचा वेढा आवळला तर पळताना पोटरी फुगते आणि बोटांना मुंग्या येतात. म्हणून शेवटी पायाच्या अंगठ्याचं नख दाबून सोडायचं, दोन सेकंदांत रंग परत यायला हवा. हे पन्नास पायांवर केल्याशिवाय हात बसत नाही, आणि चूक दाखवायला शेजारी कुणीतरी लागतं. त्या संस्थेला एवढंच विचारा: मुलगी किती पायांना हात लावेल, आणि तिचा हात कोण तपासेल?

खान्देशात या शिक्षणाची सगळ्यात मोठी गरज मला उन्हाच्या बाबतीत वाटते. जळगाव-भुसावळकडे पारा ४५च्या घरात जातो आणि भरतीची पोरं तरीही १६०० मीटरचा सराव करत असतात. पळता पळता कुणी असंबद्ध बोलायला लागला, झोकांड्या देऊ लागला, तर तो उष्माघात धरूनच चालायचं. घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही, हा समज जीव घेणारा आहे. श्रमानं होणाऱ्या उष्माघातात माणूस घामानं भिजलेलाही असतो. शरीराच्या आतलं तापमान ४० अंशांच्या वर गेलेलं असतं आणि ते गुदद्वारातूनच खरं मोजलं जातं. कपाळावरचं यंत्र फसवतं. १०८ला फोन लावायचा, पण गाडीची वाट बघत बसायचं नाही. आधी गार करायचं, मग हलवायचं. टब नसेल तर घरोघरी असलेली ताडपत्री चालते. माणसाला मधोमध निजवायचं, चार-पाच जणांनी कडा उचलून धरायच्या, डोकं वर ठेवायचं, बर्फाचं पाणी ओतून हलवत राहायचं, तापमान ३९च्या आसपास येईपर्यंत. पहिल्या अर्ध्या तासात हे झालं तर माणूस वाचण्याची शक्यता खूप वाढते.

असाच एक मुद्दा सलाइनचा. थकवा आला की ‘एक बाटली लावून घे’ हे आपल्याकडे सर्रास चालतं. डोपिंगविरोधी नियमांत १२ तासांत १०० मिलिलिटरपेक्षा जास्त द्रव शिरेतून घेणं बंदीत येतं. रुग्णालयातले उपचार, शस्त्रक्रिया किंवा निदानाच्या तपासण्या एवढाच अपवाद. बाटलीत नुसतं मीठपाणी असलं तरी खेळाडू अडकतो. संघाबरोबरच्या माणसाला हे पाठ हवं.

कॉलेज निवडताना इमारत बघू नका. स्वतःचं किंवा जोडलेलं रुग्णालय आहे का, अस्थिरोगाची ओपीडी रोज किती भरते, इंटर्नशिपमध्ये मुलांना स्पर्धांच्या मैदानावर पाठवतात का आणि सोबत नोंदणीकृत फिजिओ असतो का, हे तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलांना गाठून विचारा; ती खरं सांगतात. प्रवेश झाल्यावर तिनं वही ठेवावी. तारीख, दुखापत, आपण काय केलं, शिक्षकांनी काय दुरुस्त केलं आणि खाली त्यांची सही. गावी आली की भरतीच्या मुलांच्या नडग्या बघाव्यात. बोटभर लांब पट्टीत दुखणं आणि एकाच टिंबावर टोचणं यातला फरक तिथे पटकन कळतो. टिंबावर दुखत असेल तर हाडाला सूक्ष्म तडा असू शकतो, त्या मुलाचं पळणं थांबवून डॉक्टरांकडे पाठवायचं.

आणि तिच्या स्वतःच्या घोट्याचं. एकदा मुरगळलेला घोटा परत मुरगळण्याची शक्यता जास्त असते. सूज आणि दुखणं गेलं असेल तर रोज एका पायावर ३० सेकंद उभं राहायचं, तीन वेळा. जमायला लागलं की डोळे मिटून, मग उशीवर. निदान सहा आठवडे. खांबाभोवती वळण्याचा सराव त्यानंतर सुरू करू दे. नीटच्या अभ्यासातून उठून पाय मोकळे करायला एवढा वेळ निघतो.